पंखा ज्याच्या घरी

आमच्या गल्लीत पंखा एकच होता, आणि तो कुणाच्या घरात फिरतोय यावरून कुणाचं काय अडलंय हे कळायचं. बाळंतीण असली की पंखा तिच्या उशाशी, म्हातारं माणूस तापानं फणफणलं की त्याच्या पायाशी, आणि मॅट्रिकच्या परीक्षेच्या दिवसांत ज्या घरी परीक्षा त्या घरी. टेबलावर ठेवायचा, काळ्या रंगाचा, पितळी पात्यांचा असा तो पंखा होता. मान वळवत डाव्या अंगाला पोचला की टक् असा आवाज करायचा आणि उजवीकडं पोचला की पुन्हा टक्. गल्लीतली पोरं त्या आवाजावर झोपायची, आणि वीज जाऊन तो थांबला की जागी व्हायची. त्याची पिन कुठल्याच घरच्या सॉकेटात बसत नसे, म्हणून ती कधीच तोडून टाकली होती. वायरींची उघडी टोकं भोकांत घालायची आणि वरून आगकाड्या खोचायच्या, ही आमची रीत. आज मला कुणी विचारलं की लहानपणीचं घर म्हणजे काय, तर मला आधी तो टक् टक् आवाज ऐकू येतो आणि मग भाकरी भाजल्याचा वास येतो.

गल्ली मोंढ्याच्या मागच्या अंगाला होती. अजूनही आहे, फक्त आता उभ्या केलेल्या दुचाक्यांमुळं तिथून सरळ चालता येत नाही. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर आहे, पण मोंढा तो मोंढाच. मोंढा म्हणजे धान्याचा बाजार. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, तिथं मापाडी होते. सिल्लोडकडून मक्याच्या गाड्या यायच्या आणि अण्णा काट्यापाशी उभं राहून पोती तोलायचे. पहिल्या पोत्याला त्यांनी जन्मात कधी ‘एक’ म्हटलं नाही. पहिलं पोतं म्हणजे लाभ. लाभ, दोन, तीन असं ते लांब सुरात मोजायचे, आणि हमालांतले मुसलमान त्याच पोत्याला ‘बरकत’ म्हणायचे. दोघांचं वजन एकच यायचं. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी अंक म्हणायला सांगितले तेव्हा मी लाभपासून सुरुवात केली आणि वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, त्या मोंढ्यातल्याच एका अडत्याच्या लेक होत्या. पुढं मी सरकारच्या सांख्यिकी खात्यात आयुष्य काढलं, गावोगाव फिरून माणसांची घरं मोजली, आणि प्रत्येक नव्या गावात पहिल्या दाराशी मनातल्या मनात लाभ म्हटलं. वरिष्ठांना हे कधी कळलं नाही म्हणून बरं.

आमच्या डाव्या हाताला यूसुफचाचांचं घर. चाचा शिंपी होते. सिटी चौकातल्या एका दुकानासाठी घरी बसून शेरवान्या शिवायचे आणि उरलेल्या वेळात गल्लीचे परकर-पोलके. त्यांच्या बायकोला आम्ही खाला म्हणायचो. समोर कुलकर्णी. काका तहसिलीत कारकून, काकू घरात, आणि ओट्यावर काकांचे वडील, ज्यांना सगळी गल्ली आजोबा म्हणायची. तीन घरांच्या तीन चुली आणि तिन्हींचे वास वेगळे. खालाच्या घरी ईदच्या आगेमागे मटणाचा खलिया शिजायचा आणि भट्टीवरून पिवळेधमक नान यायचे. कुलकर्ण्यांकडं वरणभात आणि वर लिंबू. आमच्याकडं भाकरी, ठेचा, आणि मायच्या मनात आलं तर येसराची आमटी. येसर म्हणजे धान्य आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. आमच्याकडच्या लग्नातली आमटी त्याचीच होते. मायनं ते भाजायला घेतलं की काकू समोरून विचारायच्या, आज कुणाचं लग्न गं? आजोबा आमच्या घरचं पाणी पीत नसत, पण येसराचा डबा गेला की ठेवून घ्यायचे. ते कोरडं असतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

पंखा मुळात कुणाचा, हे मला शेवटपर्यंत खात्रीनं कळलं नाही. बदली झालेल्या कुणा इंजिनिअरच्या बंगल्यावर जुन्या सामानाचा लिलाव होता. बातमी कुलकर्णीकाकांनी आणली, बोली यूसुफचाचा बोलले, आणि अण्णांनी तो मोंढ्यातल्या हातगाडीवर घालून घरी आणला. पैसे कुणी दिले हे मी तिघांनाही वेगवेगळं विचारलं होतं. तिघांनीही मला अभ्यासाला बस म्हणून सांगितलं. लोखंडी पलंगाचं, घडीच्या दोन खुर्च्यांचं, स्टीलच्या ताटांचं आणि रेडिओचं थोडंफार तसंच. रेडिओचं एक बटण तुटलेलं होतं, त्या जागी चाचांनी दोऱ्याचं लाकडी रीळ ठोकून बसवलं होतं. ते फिरवलं की बातम्या लागायच्या. या वस्तू कुणाच्या ना कुणाच्या होत्या खऱ्या, पण मालकाच्या घरी त्या फार कमी दिवस राहायच्या. अडचण जिथं, तिथं त्या. म्हणजे ज्या घरात सगळ्यात जास्त सामान दिसायचं, त्या घरावर त्या वेळी सगळ्यात मोठं संकट असायचं. आम्हाला यात काही विशेष वाटत नसे.

एक नियम मात्र कडक होता. बाहेरच्यानं विचारलं तर ज्याच्या घरात वस्तू असेल त्यानं ‘आमचीच’ म्हणायचं, आणि बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. हा नियम झाला कुलकर्ण्यांच्या बंडूमुळं. चाचांच्या लेकीला, शबानाला, बघायला सिल्लोडहून पाहुणे आले होते. खुर्च्यांवर पाहुणे बसले, खालानं सब्जा घातलेलं सरबत फिरवलं, बोलणी गोडीत आली, आणि एवढासा बंडू दारातून आत शिरून मुलाच्या मामाला म्हणाला, ‘उठा, ही आमच्या बाबांची खुर्ची आहे.’ मामा मोठ्या मनाचा होता, हसत हसत जाजमावर बसला, म्हणून निभावलं. पण त्या दिवशी पाहुणे गेल्यावर तिन्ही घरच्या बायका आमच्या ओट्यावर बसल्या आणि कायदा झाला. बंडू आता बँकेतून निवृत्त झालाय. त्याला या गोष्टीची आठवण दिली की तो हवापाण्यावर बोलायला लागतो.

नोकरीत आमच्या हातात छापील प्रश्न असायचे. घरात पंखा आहे का, सायकल आहे का, पुढं पुढं फ्रिज आहे का, गाडी आहे का. त्या उत्तरांवरून वर कुठंतरी ठरायचं, कोण कुठल्या पायरीवर उभं आहे. मी ते काम मन लावून केलं आणि ते करणाऱ्यांना मी हसणार नाही. आकडे नसते तर कितीतरी वस्त्यांत नळ पोचलाच नसता. पण एकदा दौलताबादच्या वाटेवरच्या एका वस्तीत मी पत्र्याच्या घरात शिरले, आणि आत कूलर, मिक्सर, गादीचा पलंग, खुर्च्या. माझ्याबरोबरचा तरुण सहकारी खुशीत कागदावर खुणा करत सुटला. मी त्या बाईला विचारलं, घरात आजारी कोण आहे? तिनं पदर तोंडाला लावला. आतल्या खोलीत तिचा नवरा झोपून होता, आणि कूलर शेजारच्यांचा होता. याच्या उलट एका बंगल्यात मालक मला हात जोडून म्हणाले की बाई, माझं इथं काहीच नाही. बंगला बायकोच्या नावावर, गाड्या कंपनीच्या, जमीन आईची. कागदोपत्री ते अगदी खरं होतं. एका घरात नसलेलं आपलं म्हणत होते, दुसऱ्यात असलेलं दुसऱ्याचं, आणि माझे छापील प्रश्न दोन्हीकडं सारखेच फसत होते. हल्ली माझा भाचा फोनवर मला देशातल्या श्रीमंतीचे आलेख दाखवतो. मी चष्मा लावून नीट बघते आणि विचारते, यात पंखा कुणाच्या घरी धरलाय? त्याला वाटतं, मावशीचं आता वय झालं.

ज्या उन्हाळ्याची गोष्ट मला सांगायची आहे, त्या उन्हाळ्यात पंखा आमच्या घरी होता. मोंढ्यात पोत्यांची थप्पी कोसळली आणि अण्णांचा पाय मांडीत मोडला. त्यांना हातगाडीवर घालून आणलं तेव्हा घरी आधी पलंग येऊन पडला होता आणि मग अण्णा आले, कारण हमालांपैकी कुणीतरी पुढं पळत येऊन गल्लीत सांगितलं होतं. मागोमाग पंखा आला. पडून राहणाऱ्या माणसाला करमत नाही म्हणून रेडिओ आला. भेटायला येणाऱ्यांना बसायला खुर्च्या आल्या. आमच्या घरात इतकं सामान मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अण्णांचं दुखणं आणि पंख्याचा वारा या दोन्ही गोष्टी त्या दिवसांत माझ्या मनात एकत्रच आहेत. अण्णा झोपेतही मोजायचे. लाभ, दोन, तीन, आणि मग कळ आली की थांबायचे. काट्यापाशी उभं राहिल्याशिवाय त्यांची मजुरी नव्हती, त्यामुळं मायनं चाचांकडून काज-बटणाचं काम घेतलं. दिवसभर ती दारातल्या उजेडात बसून शेरवान्यांना काजं करायची.

त्याच उन्हाळ्यात मी मॅट्रिक पास झाले. गणितात मला मिळालेले गुण ऐकून आजोबा ओट्यावरून उठून उभे राहिले होते, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. आमच्या मुख्याध्यापिकांनी मला बोलावून सांगितलं की शहरात एक संस्था आहे, ती गरीब घरच्या मुलींना कॉलेजची फी आणि पुस्तकं देते, मात्र संस्थेचा माणूस आधी घर बघून जातो. घरी आल्यावर मायनं मला सगळं दोनदा सांगायला लावलं. मग ती म्हणाली की मदत मिळाली तर कॉलेज, न्हाईतर माझ्याजवळ बसून काजं करायची. त्यात राग नव्हता, धमकी नव्हती. अण्णा पलंगावर होते आणि चूल चालू ठेवायची होती. मला हिशेब कळत होता, म्हणूनच जीव टांगणीला लागला होता. मला काज करता येत होतं आणि बऱ्यापैकी येत होतं, पण मला मोजायला शिकायचं होतं. अण्णांच्या काट्यावर जे मावत नाही तेही मोजायला.

रविवारी साहेब येणार असा निरोप आला आणि इथं मायनं ती गोष्ट केली जी आमच्याच गल्लीत होऊ शकते. तिच्या कानात बाकी काही शिरलं नाही, पाव्हणा येणार एवढंच शिरलं. काकूंनी स्टीलची ताटं पाठवली. खालानं चांगलं जाजम आणि सरबताचे काचेचे पेले पाठवले. भिंतीला चुना झाला, अण्णांच्या पलंगावर कुलकर्ण्यांच्या लग्नातली चादर पडली, आणि सकाळपासून येसर भाजल्याचा वास सुटला. मी मायच्या मागं मागं फिरत होते. तिला समजावत होते की ते आपली गरिबी बघायला येतायत.

‘बघू दे की,’ माय म्हणाली. ‘पण बसून बघतील ना? का उभ्यानंच?’

आले ते एक वयस्क वकील होते. कडक उन्हातही काळा कोट, हातात छत्री, आणि चेहरा असा की हसण्याची सवय मोडलेली असावी. वाईट माणूस नव्हता तो, हे मी आज सांगू शकते. रोज कुणाच्या तरी घरात शिरून खरं-खोटं करायचं काम मीही पुढं केलं आणि माझाही चेहरा तसाच झाला होता, असं माझी बहीण म्हणते. वकीलसाहेब खुर्चीवर बसले, पंख्यासमोर घाम पुसला, आणि त्यांची नजर घरभर फिरली. पंखा, पलंग, रेडिओ, चकाकणारी ताटं. मायनं पान वाढायला घेतलं तर म्हणाले की संस्थेचा नियम आहे, चौकशीच्या घरी काही घ्यायचं नाही. मायच्या हातातला पळा तसाच राहिला. मदत नाकारली असती तर तिला एवढं लागलं नसतं.

‘हे सगळं तुमचं?’ त्यांनी विचारलं.

‘व्हय, आमचंच हाय,’ माय म्हणाली.

त्यांनी अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी आयुष्यात कधी कमी-जास्त तोलायला काट्याला बोट लावलं नव्हतं, आणि मोंढ्यात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. अण्णा म्हणाले की साहेब, घरात हाय ते तुमाला दिसतंय, लपवल्यालं काय नाय. यात खोटं काही नव्हतं. वकीलसाहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं, घडी घातली आणि शांतपणे सांगितलं की तुमचं देवाच्या दयेनं बरं चाललंय, याहून अडलेल्या मुली आहेत. ते उठले. चपला घातल्या. येसराची आमटी चुलीवर तशीच होती आणि पंखा टक् टक् करत रिकाम्या खुर्चीवर वारा घालत होता.

मी त्यांच्या मागं गल्लीच्या नळापर्यंत पळत गेले. सांगायचं तर एकच वाक्य होतं, की ते सामान मागून आणलेलं आहे. ते म्हटलं असतं तर मला कॉलेज मिळालं असतं आणि मायचा शब्द खोटा पडला असता. शिवाय तो शब्द नुसता मायचा नव्हता, सगळ्या गल्लीचा होता.

‘साहेब,’ मी म्हणाले, ‘पुन्हा एकदा या. न सांगता या.’

‘का? तेव्हा काय वेगळं दिसणार आहे?’

‘ते तुम्हीच बघा.’

ते छत्री उघडून गेले. आज इतक्या वर्षांनी त्या परकर-पोलक्यातल्या मुलीचं मला कौतुक वाटतं, आणि ती मीच आहे म्हणून ते झाकून ठेवावं असं मला वाटत नाही. पुढं नमुना कसा घ्यावा, एकदा बघून निष्कर्ष का काढू नये, यावर मी नव्या मुलांना कितीतरी वर्षं शिकवलं. ते सगळं मी पहिल्यांदा त्या नळापाशी बोलले होते, आणि तेव्हा मला ते कुणी शिकवलेलं नव्हतं.

दिवस गेले. अण्णांचं प्लास्टर निघालं, काठी टेकत ते मोंढ्यात जाऊन बसायला लागले. शबाना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि पंखा, पलंग दोन्ही चाचांच्या घरी गेले. आजोबांचा चष्मा फुटला, पेपर वाचता येईना म्हणून त्यांची चिडचिड सुरू झाली, तेव्हा रेडिओ त्यांच्या ओट्यावर गेला. खुर्च्या कुणी कधी नेल्या ते माझ्या लक्षातही आलं नाही. आमचं घर पुन्हा आमच्या घरासारखं झालं, म्हणजे एक गोधडी, एक कंदील, उतरंड आणि मायची सुई. अशा एका दुपारी, काजं करत बसलेल्या मायच्या पुढ्यात काळ्या कोटाची सावली पडली.

वकीलसाहेब आत आले आणि थबकले. मला वाटलं, झालं, आता ह्यांना कळलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर आलं ते दुसरंच काहीतरी. त्यांनी विचारलं की त्या दिवशीचं सामान कुठं ठेवलंत? माय म्हणाली, जिथं लागतं तिथं गेलं. मग ते माझ्याकडं वळून थंडपणे म्हणाले की मला पुन्हा बोलावलंस आणि मी यायच्या आत घर रिकामं केलंत, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय. भरलं घर बघून त्यांनी आम्हाला श्रीमंत ठरवलं होतं, रिकामं बघून लबाड ठरवत होते, आणि ही युक्ती माझी होती. माय सुई कापडात खोचून उठली. तिचा आवाज चढला नाही, पण तो मी ओळखत होते.

‘आमी लपवाछपवी करणारी मान्सं न्हाई, साहेब.’

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. टक्. थोड्या वेळानं पुन्हा टक्. वकीलसाहेबांनी मान तिरकी केली. त्या रविवारी ते त्या पंख्यासमोर घाम पुसत बसले होते. ते बाहेर पडले, आणि माय आणि मी त्यांच्या मागं. चाचा दारातच मशीनवर शेरवानी शिवत होते. त्यांच्या मागं आतल्या खोलीचा पडदा वाऱ्यानं फुगत होता आणि बसत होता, आणि पडद्याआड तान्ह्या मुलाचं कुरकुरणं ऐकू येत होतं. वकीलसाहेबांनी विचारलं, आत फिरतोय तो पंखा कुणाचा? चाचांनी काळा कोट ओळखला होता. कशासाठी आलेत हेही त्यांना माहीत होतं, माझं कॉलेज कशावर अडलंय हेही. त्यांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं.

‘हमाराच है साब. कायको पूछ रहे?’

वकीलसाहेब तसेच समोर गेले. ओट्यावर आजोबा रेडिओला कान लावून बसले होते. रेडिओवर बटणाच्या जागी दोऱ्याचं रीळ. त्या रिळावर बोट ठेवून वकीलसाहेबांनी दारात आलेल्या काकूंना विचारलं, हा कुणाचा? काकूंनी पदर सावरला आणि आमचाच की, असं सांगितलं, जसं काही त्यांना कुणी त्यांचं आडनाव विचारलं होतं. वकीलसाहेब गल्लीच्या मधोमध उन्हात उभे राहिले. चाचांच्या दाराकडं पाहिलं, ओट्याकडं पाहिलं, आमच्या दाराकडं पाहिलं. मग परत आमच्या घरात आले आणि यावेळी खाली गोधडीवर बसले, कारण बसायला दुसरं काही नव्हतं. कागद काढला आणि मायला विचारलं की आता यात मी लिहू काय.

‘जेवून घ्या, मग लिवा,’ माय म्हणाली.

मला वाटलं, आता नियम सांगणार. पण त्यांनी कोट काढून बाजूला ठेवला. पितळेच्या जुन्या ताटलीत मायनं भाकरी, ठेचा आणि कांदा वाढला, वर शेंगदाण्याच्या तेलाची धार सोडली. ते मान खाली घालून जेवले, आणि ठेच्यानं नाकाडोळ्यांतून पाणी आलं तरी थांबले नाहीत. हात धुतल्यावर त्यांनी विचारलं, आणि तेव्हा त्यांच्या आवाजात चौकशी राहिली नव्हती, खरंच समजून घ्यायचं होतं.

‘मला एवढं सांगा बाई. या गल्लीत गरीब कोण?’

मायला या प्रश्नाचं उत्तर कधी द्यावं लागलं नव्हतं. तिनं तांब्या खाली ठेवला.

‘ज्याची पाळी असंल त्यो,’ ती म्हणाली. ‘मागं ह्यांची व्हती. आता शबानाची हाय.’ मग तिनं माझ्याकडं पाहिलं. ‘आन् आमच्या शालनची.’

त्यांनी कागदावर काय लिहिलं ते मला कधी कळलं नाही, आणि मी पुढं त्याच धंद्यात पडले तरी तिथं काय लिहिता आलं असतं हे मला अजून सुचलेलं नाही. एवढं खरं की मुख्याध्यापिकांनी मला बोलावून मदत मंजूर झाल्याचं सांगितलं. मी गल्लीत शिरून ती बातमी मायला सांगायच्या आधीच आजोबांना कळली होती, कारण मी पळत येतेय हे त्यांनी चष्म्याशिवायही ओळखलं. त्या दिवशी माय पुन्हा येसर भाजायला बसली, काकूंनी पुन्हा विचारलं, आज कुणाचं लग्न, आणि माय म्हणाली, आमच्या पोरीचं कॉलेजाशी. आजोबांनी त्या दिवशी डबा ठेवून घेतला नाही. आमच्या ओट्यावर बसून वाटीतली पातळ आमटी प्यायले आणि तोंड पुसून घरी गेले.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी पाळी माझी होती, आणि गल्लीनं ती पाळली. चाचांनी एका शेरवानीच्या उरलेल्या रेशमी अस्तरातून मला पोलकं शिवलं होतं, असं अंगाबरोबर की तसं मला पुन्हा कुणी शिवून दिलं नाही. साडी मायची, ठेवणीतली. काकांनी तहसिलीतलं शाईचं पेन खिशातून काढून माझ्या हातात दिलं. चपला खालाच्या, बंडूनं त्यांना पॉलिश केलं होतं आणि त्यात त्याचे दोन्ही हात काळे झाले होते. सगळ्यात शेवटी काकू आल्या आणि त्यांनी त्यांच्या लग्नातलं सोनेरी पट्ट्याचं घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं. पट्टा सैल होत होता, तर चाचांनी आतून रेशमाचे दोन वेढे दिले. अण्णा काठी टेकत गल्लीच्या तोंडापर्यंत आले, माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि म्हणाले, ‘लाभ.’

कॉलेजच्या कार्यालयात फीची रांग होती. मागं-पुढं वकिलांच्या, डॉक्टरांच्या मुली होत्या, आणि त्यांच्यात मी काही वेगळी दिसत नव्हते, किंबहुना जरा उजवीच दिसत होते. माझी पाळी आल्यावर मी संस्थेचा कागद खिडकीतून आत सरकवला. आतल्या बाईंनी तो वाचला, मग माझ्याकडं बघितलं. रेशमी पोलकं, पेन, चपला. कागद पुन्हा वाचला.

‘मदतीवाली तूच का?’

‘हो, मीच.’

त्यांची नजर माझ्या मनगटावर येऊन थांबली. मागच्या मुली पुढं वाकून बघायला लागल्या.

‘आणि हे घड्याळ कुणाचं?’

मी हात मागं घेतला नाही. तो खिडकीच्या फळीवर नीट दिसेल असा ठेवला.

‘आमचंच आहे,’ मी म्हणाले.